मुलाला फादर म्हणताना

माझ्या आजीनं आपल्या मोठ्या मुलाला शेवटचं 'तू' म्हटलं ते १९७२ सालच्या डिसेंबरमध्ये, एका पहाटे, चुलीवर पाणी तापत असताना. "आधी तू आंघोळ करून घे," एवढंच. त्या दिवशी मामाची गुरुदीक्षा होती. वसईतल्या आमच्या चर्चच्या मैदानात मांडव घातला होता, अख्खं गाव जमलं होतं, बिशपांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवले, तळहातांना तेल लावलं, आणि विधी संपल्यावर नव्या धर्मगुरूचा पहिला आशीर्वाद आईवडिलांना म्हणून आजी-आजोबा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. आजीनं त्याच्या तळव्यांचा मुका घेतला, उठली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

हे सगळं आईकडून ऐकलेलं, माझा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. मला कळायला लागलं तेव्हापासून तो फादरमामाच. आम्ही भाचरं त्याला बिनधास्त 'अरे फादरमामा' म्हणायचो, आणि मी बरीच मोठी होईपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नाही की या हाकेत बाप आणि मामा असे दोन नातेवाईक एकत्र बसलेत. आजी मात्र कायम तुम्ही. "फादर, भात वाढू का तुम्हाला?" त्याचे बाकीचे भाऊ म्हणजे तू, अरे, ये, जा, प्रसंगी मेल्या सुद्धा, आणि त्याच पोटातून आलेला हा एकटा तुम्ही.

पण माझं लक्ष असायचं आजोबांकडे. आजोबा त्याला फादर म्हणायचे नाहीत आणि नावानंही हाक मारायचे नाहीत. तू नाही, तुम्ही नाही. आपल्या मराठीत याची एक सोय आहे जी मला वाटतं फार कमी भाषांमध्ये इतकी छान असेल. "जेवण झालं का?" "उद्या निघायचं का?" "तब्येत बरी दिसत नाही." कर्ताच काढून टाकायचा वाक्यातून. आजोबा वाडीतले शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले, पण बावीस वर्षं ते आपल्या मुलाशी असं बोलत राहिले आणि एकदाही त्यांचं वाक्य अडखळलेलं मी ऐकलं नाही.

मग मला प्रश्न पडायचा की हा शब्द आला कुठून. म्हणजे ज्या माणसाला मुलंबाळं होणार नाहीत असं आधीच ठरलंय त्यालाच नेमकं बाप का म्हणायचं? आणि बायबलमध्ये तर सरळ लिहिलंय, मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात येशू सांगतो की पृथ्वीवर कोणालाही आपला पिता म्हणू नका, तुमचा पिता एकच आहे आणि तो स्वर्गात आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वाक्य आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. घरी येऊन मी ते थेट मामालाच विचारलं. तो पायरीवर बसून केळीच्या पानांच्या शिरा काढत होता. म्हणाला, "हो, लिहिलंय खरं. मला रोज कोणीतरी फादर म्हणतं तेव्हा ते वाक्य आठवलं पाहिजे, म्हणून लिहिलं असेल." तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळ वाटलं होतं. नंतर मी या शब्दामागे लागले आणि बरीच वर्षं लागलेलीच आहे.

सगळ्यात आधी सापडतो तो 'अब्बा'. येशूच्या घरातली भाषा अरामी, तिच्यात बापाला अब्बा. पकडून नेलं त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो प्रार्थना करतो तेव्हा शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कनं ग्रीक लिहिता लिहिता मध्येच तो अरामी शब्द तसाच ठेवलाय, आणि आपल्या मराठी बायबलातही ते "अब्बा, बापा" असंच येतं. पुष्कळ ठिकाणी सांगतात की अब्बा हा लहान बाळाचा बोबडा शब्द, पण अभ्यासकांनी दाखवलंय की मोठी झालेली मुलंही बापाला तीच हाक मारायची. मला हे जास्त आवडतं. तेहतीस-चौतीस वर्षांचा माणूस भीतीनं घामाघूम झालाय आणि बापाला नेहमीच्या, घरातल्या शब्दानं हाक मारतोय. आमच्या शेजारच्या मुसलमान घरातली मुलं संध्याकाळी गेटपाशी "अब्बा आले" म्हणून ओरडायची, तो अरबीतून आलेला शब्द याच कुळातला.

हा घरातला शब्द धर्माच्या कामाला लागला तो इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकात. तिथं माणसं गावं सोडून एकेकटी नाहीतर छोट्या घोळक्यानं राहायला गेली होती, खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या विणायच्या, विकायच्या, प्रार्थना करायची, मीठ-भाकरीवर राहायचं. तरुण माणसं लांबून चालत त्यांच्याकडे यायची आणि म्हणायची, अब्बा, मला एक शब्द द्या. एक शब्द म्हणजे जगायला पुरेल असं एखादं वाक्य. ते मिळालं की परत जायचं आणि ते वाक्य वर्षानुवर्षं घोळवायचं. आणि इथं मला फार महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे हे अब्बा लोक बहुतेक करून धर्मगुरू नव्हतेच. त्यांना कोणी तेल लावलेलं नव्हतं, कुठल्या बिशपानं नेमलेलं नव्हतं. ज्याच्याकडून जगण्याचा शब्द मिळतो तो बाप, एवढाच हिशोब. बायकाही होत्या तिथं, त्यांना अम्मा म्हणायचे, अम्मा सिंक्लेटिका, अम्मा सारा, त्यांची वचनं त्याच संग्रहांमध्ये बापांच्या वचनांच्या शेजारी आलीत.

त्यातला एक अब्बा मोशे, काळ्या वर्णाचा, आधी दरोडेखोर होता, आपल्या वाल्यासारखा. एकदा मठात कुणाकडून तरी चूक झाली आणि त्याचा निवाडा करायला सगळे जमले, मोशेला निरोप गेला, तो येईना. शेवटी आला तो पाठीवर एक फुटकी टोपली घेऊन, वाळूनं भरलेली, मागं वाळूची धार लागलेली. लोकांनी विचारलं हे काय? तो म्हणाला, माझी पापं माझ्या मागं सांडत चाललीत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलोय. सभा तिथंच संपली, त्या भावाला माफ केलं. मामा दर वर्षी उपवासकाळात ही गोष्ट प्रवचनात सांगायचा आणि दर वर्षी "वाळूची धार" म्हणताना मागं वळून बघायचा. आम्ही पण बघायचो.

याच अब्बाचं लॅटिनमध्ये अब्बास झालं आणि मग मठाचा प्रमुख म्हणजे ॲबट. म्हणजे हाक होती तिचं पद झालं. आणि हे होतंय तेव्हाच लोकांना खटकलं पण होतं, संत जेरोमनं त्याच चौथ्या शतकाच्या शेवटी विचारलं की प्रभूनं नको म्हटलं असताना मठांमध्ये एकमेकांना बाप कसं काय म्हणतात! माझ्या अकराव्या वर्षीची शंका सोळाशे वर्षं जुनी निघाली. दुसऱ्या बाजूला संत पौल आहे, करिंथच्या लोकांना त्यानं लिहिलं होतं की तुम्हाला गुरू दहा हजार असतील पण बाप पुष्कळ नाहीत, सुवार्तेतून मी तुम्हाला जन्म दिलाय. शिकवणारे ढीगभर मिळतात, जन्म देणारा एखादाच.

पोप हा शब्द पण यातलाच. ग्रीकमध्ये पाप्पास म्हणजे लहान मुलाचा बाबा. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या बिशपाला, हेराक्लासला, पापा म्हणत असल्याची नोंद आहे, कार्थेजच्या सिप्रियनलाही पत्रांमध्ये पापा म्हटलंय, म्हणजे रोमच्या आधीपासून आफ्रिकेतल्या बिशपांना ही हाक होती. हळूहळू पश्चिमेत ती रोमपुरती आखडत गेली आणि १०७५ मध्ये पोप सातव्या ग्रेगरीच्या काळात लिहूनच टाकलं की हे नाव जगात एकालाच. पण ग्रीसच्या खेड्यात अजून साध्या गावच्या धर्मगुरूला पापास म्हणतात. त्यांच्यात लग्न झालेला माणूस धर्मगुरू होऊ शकतो, त्यामुळे पापादोपुलोस असं आडनाव असतं, अर्थ सरळ आहे, पापासचा मुलगा. तिथल्या पोरांना फादरला बाबा म्हणताना काही अडचण येत नसणार.

आता आपल्याकडे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई त्यांच्या ताब्यात गेली, आणि त्यांच्या जहाजांमधून जे शब्द उतरले ते आपण अजून रोज वापरतो, पाव, बटाटा, चावी, पगार, पिंप, घमेलं. त्यातच पाद्री. पोर्तुगीज पाद्रे, लॅटिन पातेर, म्हणजे बाप. आणि लॅटिन पातेर, इंग्रजी फादर, फारसी पिदर आणि आपला संस्कृत पितृ, हे सगळे एकाच मुळाचे. म्हणजे भाद्रपदात पितर म्हणून ज्यांना पान वाढतात त्यांचा आणि चर्चमधल्या पाद्रीचा शब्द भाऊबंद आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना फोन केला होता, त्या म्हणाल्या, "मग तुला परका कसा वाटला इतके दिवस?"

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, गोऱ्या पाद्रींची जागा गोव्याहून आलेल्या आपल्याच रंगाच्या पाद्रींनी घेतली, सत्ता बदलली पण शब्द राहिला. इंग्रजांच्या फौजेतही तो गेला, आजही ब्रिटिश सैन्यात चॅप्लेन, म्हणजे फौजेतला धर्मगुरू, कुठल्याही पंथाचा असो, त्याला पाद्रे म्हणतात. आजीच्या तोंडी पाद्रीच होता, म्हाताऱ्या बायका "पाद्री आले" असंच म्हणायच्या आणि त्यात नुसता आदर असायचा. नंतर बाहेरच्या लोकांच्या तोंडी या शब्दाला एक वेगळीच धार आली, शाळेत मला कोणी "पाद्रीची भाची" म्हटलं की टोचायचं, घरात तोच शब्द ऐकला की काही वाटायचं नाही. मग आमच्या पिढीनं फादर धरला.

फादर हा सरसकट सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंना म्हणायची पद्धत तरी कुठं जुनी आहे! इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत फादर म्हणजे संघांमधले, म्हणजे मठवाले, गावच्या साध्या धर्मगुरूला चक्क मिस्टर म्हणायचे. आयर्लंडच्या दुष्काळानंतर तिथली गरीब माणसं इंग्लंडमध्ये आली, त्यांच्या तोंडी फादर होतं, आणि मग वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल मॅनिंग यांनीही ते उचलून धरलं. म्हणजे उपाशी माणसांनी आणलेली हाक आहे ही. इटलीत अजूनही साध्या धर्मगुरूला डॉन म्हणतात, दोमिनुसवरून, म्हणजे धनी. आपल्याकडे गावोगावच्या शाळांवर डॉन बॉस्को हे नाव असतं, त्यातला डॉन तो हाच, त्यांचं नाव जोव्हान्नी. दोन वर्षांचेही नसताना वडील वारले आणि पुढं तूरिनच्या रस्त्यावरच्या बिनबापाच्या पोरांसाठी आयुष्य घातलं, आणि अशा माणसाला पदवी मिळाली धनी अशी. प्रोटेस्टंटांचा रेव्हरंड म्हणजे शब्दशः पूज्य, आपले रेव्हरंड टिळक. चांगला शब्द आहे, पण ते विशेषण झालं, लावलं काय आणि काढलं काय. बाप हे नातं आहे, एकदा म्हटलं की दोन्ही बाजूंना बांधलं जातं.

आणि म्हणूनच तो शब्द जिथं मोडतो तिथं फार वाईट मोडतो. गेल्या काही दशकांत देशोदेशी जे उघड झालं, की ज्या मुलांनी फादर म्हणून विश्वास टाकला त्यांच्यावरच अत्याचार झाले आणि वरच्या लोकांनी ते झाकले, ते वाचताना मला या शब्दाचाच राग यायचा. दुसरी कुठली पदवी असती तर गुन्हा गुन्हाच राहिला असता पण त्यात हा बापाचा विश्वासघात मिसळला नसता. २० ऑगस्ट २०१८ ला पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या श्रद्धावंतांना पत्र लिहिलं, त्यात त्यांनी धर्मगुरूंना इतरांपेक्षा वर बसवण्याच्या वृत्तीवर सरळ बोट ठेवलं होतं. मामा तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. त्यानं ते पत्र रविवारच्या मिस्साला वाचून दाखवलं आणि नंतर म्हणाला की आज मी प्रवचन करणार नाही, आपण गप्प बसू. दहा मिनिटं चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला तो पायरीवरचा, केळीची पानं हातात धरलेला मामा आठवत होता.

पण याच शब्दानं काय मिळतं तेही मी बघितलंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्याआधी हरित वसईच्या आंदोलनात उभे होते, २०२४ मध्ये ते गेले तेव्हा वसईत जे लोक रांगेत होते त्यातले कितीतरी ख्रिस्ती नव्हते, पण सगळे म्हणत होते, "आपले फादर गेले." ज्ञानोबाला माउली म्हणणारी माणसं आपण, पुरुषाला आई म्हणायला ज्यांची जीभ अडखळत नाही, त्यांना एखाद्याला फादर म्हणणं जड जायचं कारण नाही.

आजोबांना मात्र जड गेलं. मला बरीच वर्षं वाटायचं की त्यांना मामाचं जाणं आवडलं नव्हतं, मोठा मुलगा, वाडी त्यानं बघायची होती. आईला विचारलं तर ती म्हणायची, "तसं काही नाही, त्यांना नीट म्हणता येत नव्हतं." प्रार्थनेत देवबापाला आपण तू म्हणतो, तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो. रोज संध्याकाळी ओट्यावर आजोबा ही प्रार्थना म्हणायचे, आणि तिथंच मामा सुटीवर आलेला बसलेला असायचा. आकाशातल्या बापाला तू, आणि मांडीवर खेळवलेल्या पोराला काय म्हणायचं?

मध्यंतरी एका इंग्रज मुलाचं पत्र वाचनात आलं. थॉमस स्टीफन्स, १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून जहाजात बसला, २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला, आणि १० नोव्हेंबरला त्यानं लंडनला आपल्या व्यापारी बापाला पत्र लिहिलं. हाच पुढचा पाद्री एस्तेवांव, ज्यानं मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, चाळीस वर्षं तो गोव्यात राहिला आणि तिथंच वारला. मायदेशी त्या वेळी कॅथलिक धर्मगुरू म्हणून राहणं म्हणजे गळ्याला फास, आणि इथं गोव्यातल्या साष्टीची माणसं त्याला बाप म्हणणार होती. पत्रात सगळं आहे, विषुववृत्तावर वारा पडून अडकलेलं जहाज, आजारी पडलेली माणसं, शार्क, शेवटी इथली माडी आणि नारळसुद्धा. पण पत्राच्या पहिल्याच वाक्यात काय आहे तर तो वडिलांकडे त्यांचा रोजचा आशीर्वाद मागतो. त्यानंतर बापलेकांची भेट झाली नाही.

ते वाचल्यावर मी मामाकडे गेले. तो आता वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात असतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही. मी विचारलं, आजोबा तुला पत्र लिहायचे ना, त्यात काय मायना असायचा? बोलताना कर्ता गाळता येतो, पण पत्राला मायना लागतोच, वडीलधाऱ्यांना ती. आणि धाकट्यांना चि., त्यातून पळवाट नाही. मामा काही बोलला नाही, कॉटखालची ट्रंक ओढायला सांगितली. तळाशी निळ्या इनलँड पत्रांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला.

सगळ्यात वरचं १९७३ च्या फेब्रुवारीतलं. आजोबांचं मोठं, सुटं अक्षर. आधी चि. लिहिलंय, मग मामाच्या घरातल्या नावाचं पहिलं अक्षर लिहून खोडलंय, आणि पुढं लिहिलंय,

"चि. फादर यांस, आशीर्वाद."

नुसतंच आशीर्वाद. द्यावा की घ्यावा ते लिहिलेलं नाही. मी बाकीची पत्रं उघडून बघितली, १९९४ पर्यंतची, आजोबा गेले त्या वर्षापर्यंतची, प्रत्येकावर तोच मायना, खाडाखोड फक्त पहिल्यात. मामा म्हणाला, "वाच पुढं." मी वाचलं.

"पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. बावखलाला पाणी बरं आहे. राजेळीला चार घड आलेत, एक ठेवलाय. आई आठवण काढते. थंडीचं डोक्याला काहीतरी बांधावं. कधी येणं होईल ते कळवावं."